‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न थांबल्यानंतर : स्मृतिभ्रंश झालेल्या एका निवृत्त वाहकाचे प्रकरण

हे प्रकरण कराड तालुक्यातील एका कुटुंबाचे आहे. घरातील ज्येष्ठ गृहस्थांना सगळे तात्या म्हणतात, म्हणून इथेही तेच संबोधन ठेवले आहे. कुटुंबाच्या संमतीने लिहिताना ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. तात्यांचा जन्म १९४६ चा, मूळ गाव पाटण तालुक्यात. १९७० ते २००४ अशी चौतीस वर्षे त्यांनी एसटीत वाहक म्हणून नोकरी केली आणि त्यातील बहुतेक वर्षे कराड–चिपळूण मार्गावर काढली. घरी पत्नी, साखर कारखान्यात नोकरी करणारा मुलगा, सून आणि सातवीत शिकणारी नात आहे. मुलगी लग्नानंतर दुबईला असते. स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांच्या घरी जाऊन कुटुंबाशी बोलणे, त्यांना जमेल असे उपाय त्यांच्याबरोबर शोधणे हे माझे काम. या घरी मी २०२३ च्या फेब्रुवारीपासून दोन वर्षांहून अधिक काळ, साधारण पंधरा दिवसांतून एकदा जात आले.

तात्यांचे विस्मरण या घराने लवकर स्वीकारले होते. माणूस हातातून निसटत चालल्याचे दुःख मात्र दिवसेंदिवस वाढत होते, आणि त्या दुःखापोटीच घरातील प्रत्येक जण तात्यांची दिवसातून अनेकदा परीक्षा घेत होता. ती परीक्षा थांबल्यावर काय काय बदलले आणि काय बदलले नाही, हे नोंदवून ठेवावे म्हणून हे लिहिले आहे.

निदानापर्यंत

पहिली लक्षणे २०१९ च्या सुमारास दिसली. ज्या माणसाने आयुष्यभर चालत्या गाडीत उभ्याउभ्या सुट्ट्या पैशांचा हिशेब केला, तो भाजीवाल्याला एकाच भाजीचे दोनदा पैसे देऊन येऊ लागला. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सगळ्यांनी ते हसण्यावारी नेले. २०२१ मध्ये तात्या कराडच्या एसटी स्टँडवरून घराचा रस्ता चुकले आणि संध्याकाळी एका ओळखीच्या रिक्षावाल्याने त्यांना आणून सोडले, तेव्हा हे केवळ वय नाही हे मुलाच्या लक्षात आले. डॉक्टरांनी आधी रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड आणि साखर तपासली, मेंदूचा स्कॅन काढला, मनःस्थितीची चौकशी केली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य किंवा पडल्यानंतर कवटीखाली साकळलेले रक्त यांमुळेही असेच चित्र दिसू शकते आणि त्यांवर उपचार असतात. तात्यांच्या बाबतीत यातले काही निघाले नाही. स्मरणशक्तीच्या तीस गुणांच्या चाचणीत त्यांना सतरा गुण मिळाले आणि २०२२ मध्ये अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराचे निदान झाले. भारतात साठ वर्षांवरील लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसे इतके आहे आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात ते अधिक आढळले आहे. तरीही या कुटुंबाला आपल्या गावात असे दुसरे घर ठाऊक नव्हते. ती घरेही बहुधा ‘वयोमानानं होतं’ म्हणून गप्प असावीत.

तेवीस रेघा

पहिल्या भेटीत मी दीड तास बसले होते. ज्या प्रश्नांची उत्तरे विचारणाऱ्याला आधीच माहीत आहेत असे प्रश्न तात्यांना किती वेळा विचारले जातात, हे मोजण्यासाठी मी वहीच्या कोपऱ्यात रेघा मारत गेले. दीड तासात तेवीस रेघा झाल्या. ‘तात्या, या कोण आल्यात सांगा बघू?’ ‘आज वार कुठला?’ ‘सकाळी काय खाल्लंत?’ ‘ही कोण? तुमची नात ना? तिचं नाव काय?’ प्रत्येक प्रश्नामागे प्रेम होते, उत्तर बरोबर आले तर दिवसभर पुरेल असा आनंद मिळण्याची आशा होती. तात्या मात्र प्रत्येक प्रश्नाला आधी हसत, मग विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत, तिथून उत्तराचा काही सुगावा लागतो का ते शोधत आणि शेवटी ‘काय की बाई’ म्हणून मान खाली घालत. दीड तासाअखेर ते उठून आतल्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. सून म्हणाली, ‘हल्ली माणसांत बसायलाच नको म्हणतात.’

अल्झायमरमध्ये मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होतो. नवी आठवण पक्की करण्याचे काम त्याचे असल्यामुळे सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण विशी-पंचविशीतले प्रसंग पुष्कळ काळ शाबूत राहतात. हातांच्या सवयींची स्मृती मेंदूच्या वेगळ्या भागांत असल्यामुळे ती आणखी उशिरापर्यंत टिकते. म्हणजे आपण तात्यांना नेमके तेच विचारत होतो, जे देणे त्यांच्या हातात उरलेले नव्हते. आणि जे त्यांच्याजवळ भरपूर होते, त्याच्याकडे कोणी वळत नव्हते.

दुबईच्या मुलीचे दुःख सर्वांत मोठे होते. ती रोज रात्री नऊ वाजता व्हिडिओ कॉल लावी आणि पहिला प्रश्न विचारी, ‘तात्या, मला ओळखलंत का?’ दिवसभराच्या थकव्यानंतर हातभर अंतरावर धरलेल्या मोबाइलच्या पडद्यावरचा लहानसा, हलणारा चेहरा आणि अडखळत येणारा आवाज यांतून ओळख पटणे अवघडच होते. ते कधी ‘हो हो’ म्हणत, कधी फोन दूर ढकलत, आणि एकदा बायकोला म्हणाले, ‘ह्या डब्यात कोण बाई रडतीय?’ त्यानंतर तिने आठवडाभर फोनच केला नाही.

असाच एक प्रसंग निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्याचा. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने नाव आणि जन्मतारीख विचारली, तात्यांना जन्मतारीख आठवेना, मागे रांग वाढली आणि तो ‘आजोबा, लवकर सांगा’ असे दोनदा म्हणाला. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, पण चारचौघांत नापास झाल्यासारखे तात्या घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. पुढच्या वर्षी मुलाने मोबाइलवर चेहऱ्याच्या पडताळणीने दाखला घरीच काढला, हे फार चांगले झाले.

मी कुटुंबाला एकच गोष्ट आठवडाभर करून पाहायला सांगितली: प्रश्न विचारायचा नाही, उत्तर स्वतःच आधी सांगून टाकायचे. ‘मी कोण?’ असे विचारण्याऐवजी ‘तात्या, मी तुमची सुमी, चहा घेऊन आले’ असे नाव, नाते आणि काम एका दमात सांगायचे. (सुमी हे नाव अर्थात बदललेले आहे.) ऐकायला सोपे वाटणारे हे काम सर्वांना अवघड गेले. मुलाने मला प्रामाणिकपणे सांगितले, ‘मॅडम, विचारणं बंद केलं म्हणजे आम्ही आशा सोडली, असं वाटतं.’ हे वाक्य मी अजून विसरलेले नाही, कारण बहुतेक घरांत हीच खरी अडचण असते.

नोट

या घरात योग्य वाट सर्वांत आधी सापडली ती नातीला, आणि तिला ते कोणी शिकवलेले नव्हते. एका दुपारी ती शाळेतून आली तेव्हा तात्या ओसरीवर हातात काहीच नसताना बोटे चाळवत बसले होते. तिने दप्तरातली दहाची नोट काढून त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाली, ‘एक हाफ पाटण.’ तात्यांनी नोट घेतली, ती लांबीत घडी करून डाव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यात अडकवली, अंगठा जिभेला लावला आणि समोर तिकिटांची गड्डी असल्यासारखा तो पुढे सरकवला. मग मान वर करून म्हणाले, ‘सुट्टे द्या की, पाव्हणं.’ महिन्याभरात त्यांनी स्वतःहून बोललेले ते पहिले पूर्ण वाक्य होते.

हे ऐकून मुलाने माळ्यावरून त्यांची जुनी चामडी पैशाची पिशवी काढली, तिला तेल लावले आणि तीत एक, दोन, पाच आणि दहाची नाणी घालून दिली. भाजीवाल्याशी हिशेब करणे ज्यांना जमत नव्हते, ते तात्या नाण्यांच्या चळती लावू लागले. तर्जनीच्या कडेने नाणी ओढून दहा-दहाची चळत करायची, तिच्यावर तळवा ठेवून ती सारखी करायची, मग ती जराशी पुढे ढकलायची. डोळे दुसरीकडे असले तरी बोटे चुकत नसत. नात समोर बसून दुसरी चळत लावी. दोघांत फारसे बोलणे होत नसे आणि तासभर दोघेही तिथून हलत नसत.

इथे मला एक काळजी होती आणि ती मी सुनेशी बोलले. एखाद्या वयस्क माणसाचा खेळ करणे आणि त्याच्या कामाचा मान राखणे यांत अंतर फार थोडे असते. माझ्या मते कसोटी अशी, की त्या वेळी हसू कोणाला येते आणि पाहणारे कोण आहेत. मुलाचा एक मित्र ‘तात्या तिकीट कापतानाचा’ व्हिडिओ काढायला आला होता. सुनेने त्याला चहा दिला आणि मोबाइल खिशात ठेवायला लावला. या संपूर्ण प्रकरणात घेतला गेलेला सर्वांत योग्य निर्णय कोणता, असे कोणी विचारले तर मी हा सांगेन.

मुक्कामी गाडी

संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास तात्या अस्वस्थ होत. ‘मुक्कामी गाडी निघायची वेळ झाली, माझी पिशवी कुठाय?’ असे म्हणत ते दाराची कडी काढायला धावत, आणि मुलगा त्यांना आडवा होऊन सांगे, ‘तात्या, तुम्हाला रिटायर होऊन एकोणीस वर्षं झाली, किती वेळा सांगायचं?’ दर वेळी तात्यांच्या चेहऱ्यावर धक्का उमटे, कारण ही बातमी त्यांना दर वेळी नवीनच असे. सांजवेळी अशी घालमेल या आजारात पुष्कळांना होते. दिवसभराचा थकवा, शरीराच्या घड्याळातील बिघाड, कमी होत जाणारा उजेड आणि कोपऱ्यांत वाढणाऱ्या सावल्या यांचा त्यात वाटा असतो. म्हणून आम्ही घरातील दिवे अंधार पडण्याआधीच, पाच वाजता लावायला सांगितले, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली आणि चहाची वेळ पुढे घेतली. याने निम्मा फरक पडला.

उरलेल्या निम्म्यासाठी काय बोलायचे, यावर घरात मतभेद झाले. ‘आज तुमची सुट्टी आहे’ असे रोज सांगावे, असे मुलाचे म्हणणे होते. त्यांच्याशी खोटे बोलणे त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, मान्य नव्हते आणि त्यांची अडचण मला पटली. खोटे रोज सांभाळावे लागते आणि घरातील एकाने वेगळे सांगितले की संशय वाढतो. शेवटी काकूंनीच तोड काढली. त्या दाराशी त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘चिपळूणची गाडी का? वाटेत कोण कोण लागतं हो?’ हाही प्रश्नच होता, पण त्याचे उत्तर तात्यांजवळ होते. त्यांनी मल्हारपेठ म्हटले, पाटण म्हटले, कोयनानगर म्हटले, ‘मग घाट, घाटात धुकं असतं, ड्रायव्हरशी बोलायचं नाही’ असे बजावले आणि पोफळी उतरून चिपळूणला येईपर्यंत ते खुर्चीवर टेकले होते. त्यानंतर बहुतेक संध्याकाळी गाडी अशीच चिपळूणला पोहोचत असे. काही संध्याकाळी ती पोहोचत नसे आणि तेव्हा मुलगा त्यांना घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालून येई.

माणसाचा पूर्वायुष्याचा तपशील किती उपयोगी पडतो, हे हिवाळ्यातल्या एका पहाटे दिसले. तात्या चारच्या सुमारास उठले, सगळ्यांना हाका मारू लागले, ‘बाहेर निघा, आत झोपू नका’ म्हणून नातीचे पांघरूण ओढू लागले. मुलाला वाटले आजार बळावला. काकू पाटण खोऱ्यातल्याच असल्यामुळे त्यांना क्षणात उमगले. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या पुढे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तात्या एकवीस वर्षांचे होते आणि त्यांच्या गावातील माणसांनी कित्येक रात्री उघड्यावर काढल्या होत्या. काकूंनी वाद घातला नाही. दोघे घोंगडी पांघरून अंगणात पंधरा-वीस मिनिटे बसली, त्यांनी तात्यांचा हात धरून ठेवला आणि मग म्हणाल्या, ‘पोरं सगळी सुखरूप हायती, आता आत चला.’ ते आत आले आणि झोपले.

दुबईचा फोन आणि आक्का

मुलीच्या फोनची वेळ बदलली. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्याने शनिवार-रविवारी आपल्याकडील सकाळचे अकरा तिच्या साडेनऊला येतात आणि तात्यांचा तो सर्वांत ताजा वेळ असतो. फोन टीव्हीला जोडला, त्यामुळे तिचा चेहरा मोठा दिसू लागला. ओळख विचारायची नाही हे ठरलेच होते. तिने स्वयंपाकघरात उभे राहून पोळ्या लाटाव्यात, मटार सोलावेत आणि मधूनमधून बोलावे, असे आम्ही सुचवले. लहानपणी तात्या तिला मांडीवर घेऊन जे मनाचे श्लोक म्हणत, तेही ती म्हणू लागली. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ या ओळीपाशी ती मुद्दाम थांबे आणि पुढची ओळ तात्या पुरी करत.

मे महिन्यात ती दोन आठवडे माहेरी आली, तेव्हा तात्यांनी तिला दारात पाहून हाक मारली, ‘आक्के!’ आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, जी वारून वीस वर्षे झाली होती. मुलगी स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिने आक्का व्हावे की ‘मी आक्का नाही’ असे सांगावे, हे तिने मला विचारले. मला दोन्ही करायला सांगवले नाही. त्या हाकेतला आनंद खरा होता आणि तो तिला पाहूनच झाला होता. नाव चुकले तरी माया योग्य माणसाकडे पोहोचली होती. ती त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, ‘आक्का तुमची फार लाडकी ना, तात्या?’ त्यावर ते अर्धा तास बहिणीबद्दल बोलले. तिच्या लग्नात पाटणहून गूळ कसा आणला, तिच्या सासरी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने काय रांधले, हे मुलीने यापूर्वी कधीच ऐकलेले नव्हते. वडिलांच्या आजारपणात आपल्याला वडिलांची नवी माहिती मिळाली, असे ती जाताना म्हणाली.

याच मुक्कामात सगळे कराडहून पाटणला एसटीने गेले. पंच्याहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, त्यामुळे तात्यांच्या हातात शून्य रुपयांचे तिकीट पडले. ते त्यांनी उलटसुलट करून पाहिले आणि खिशात ठेवले. गाडी सुटताना वाहकाने दोन घंटा दिल्या, तेव्हा त्यांनी समाधानाने मान हलवली. घरी परतल्यावर अर्ध्या तासात आपण कुठे गेलो होतो हे ते विसरले, पण ती संध्याकाळ शांत गेली. एका संध्याकाळवरून निष्कर्ष काढू नये हे मला कळते. तरी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाची इथे आठवण होते: अल्झायमरच्या रुग्णांना आनंदाच्या आणि दुःखाच्या चित्रफिती दाखवल्या, तेव्हा चित्रफितीत काय होते हे त्यांना फारसे आठवले नाही, पण त्यांतून आलेली भावना नंतरही त्यांच्यात टिकून राहिली. ‘त्यांना कुठे लक्षात राहणार आहे’ म्हणून भेटायला न जाणाऱ्या नातेवाइकांना मी हे आवर्जून सांगते. हयातीच्या दाखल्याचा अपमानही तात्यांच्या अंगात असाच दोन दिवस राहिला होता.

जे जमले नाही

२०२४ च्या पावसाळ्यात तात्या अवघ्या तीन दिवसांत खूप बिघडले. दिवसा गुंगीत असत, भिंतीवर माणसे दिसतात म्हणत, काकूंनाही जवळ येऊ देत नसत. घरच्यांनी शेवटचा टप्पा आला असे मानले आणि मला चार दिवस उशिरा कळवले. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. दोन-चार दिवसांत असा पालट झाला तर लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातील पाणी कमी होणे किंवा नवे औषध यांपैकी काही कारण आहे का, हे ताबडतोब तपासावे लागते. तात्यांना लघवीचा संसर्ग झाला होता. उपचारानंतर दहा-बारा दिवसांनी ते बरेचसे पूर्ववत झाले. ही सूचना मी पहिल्याच महिन्यात लिहून द्यायला हवी होती. ती दिली नव्हती, ही माझी चूक.

दुसरी गोष्ट काकूंची. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी गांजलेल्या या बाईंनी एका दुपारी, कपडे बदलताना तात्यांनी चौथ्यांदा हात झटकला तेव्हा, त्यांच्या हातावर चापट मारली. हे त्यांनी मला स्वतः सांगितले आणि पदर तोंडाला लावून बसल्या. मी त्यांना दोष दिला नाही, समजावलेही नाही. मुलाला बाहेर बोलावून रविवारचा पूर्ण दिवस आणि गुरुवारची भजनाची संध्याकाळ तात्यांजवळ त्याने बसायचे, हे तारखांसह कॅलेंडरवर लिहून घेतले. नाते टिकवण्याच्या सगळ्या युक्त्या एकाच माणसाच्या अंगावर पडल्या तर त्यांतली एकही टिकत नाही. हे आधीच करायला हवे होते.

सध्याची स्थिती

आता तात्यांचे बोलणे दिवसाला पाच-सहा शब्दांवर आले आहे. चळती लावणे सुटले. पिशवी मांडीवर लागते, तिच्या पट्ट्यावरून ते अंगठा फिरवत राहतात. चाचणीचे गुण अर्थातच खाली गेले आहेत आणि कोणत्याही युक्तीने ते वर येणार नव्हते. मुलीचा शनिवारचा फोन चालू आहे. श्लोकाची पुढची ओळ आता तीच म्हणते आणि तात्यांचे ओठ हलतात.

काकूंचे नाव त्यांनी गेल्या दिवाळीपासून घेतलेले नाही. रोज दुपारी त्या त्यांच्या तळपायांना खोबरेल तेल लावून काशाची वाटी फिरवतात. मागच्या भेटीत मी समोर बसले होते. वाटी बाजूला ठेवून, गुडघ्यांवर हात टेकत काकू उठल्या आणि बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसायला वळल्या. तात्यांनी त्यांच्याकडे पाहिले, पिशवी मांडीवर जवळ ओढली, स्वतः खिडकीकडे सरकले आणि पलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, ‘सरका जरा, बाईंना बसू द्या.’